दिग्रसचे मुके स्पीकर

१

अंजूने पहिल्या बोर्डाला तारा जोडल्या, बटण दाबलं आणि गाणं सुरू व्हायची वाट पाहिली. गाणं सुरू झालं नाही. तिने तारा काढून पुन्हा घट्ट लावल्या. तरी तेच. दुसरा बोर्ड नुसता खरखरला. तिसरा मुका. चौथ्याने गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि घसा बसलेल्या गवयासारखा तोही गप्प झाला.

"बाई," मागे न पाहता तिने हाक मारली, "इकडं या बरं जरा."

विमलताई शेजारच्या टेबलावर नव्या मुलींना चिमटा कसा धरायचा ते दाखवत होत्या. दिग्रसच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्या रोज सकाळी गफ्फारशेठच्या फॅक्टरीत येत आणि तांड्यावरून, आसपासच्या गावांवरून कामाला आलेल्या मुलींना वीज म्हणजे काय, ती कुठून कशी वाहते, हे अगदी पहिल्यापासून समजावून सांगत. फॅक्टरीतली बरीच माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. खुद्द गफ्फारसुद्धा. त्यामुळे त्या सगळ्यांच्याच 'बाई' होत्या.

त्यांनी चारही बोर्ड पाहिले. "काल संध्याकाळी तर हे गात होते."

"सगळेच गात होते. तुमच्यासमोर तपासले. तुम्हीच म्हणल्या का, अंजू, या बोर्डाइचा आवाज तुह्या आवाजापेक्षा बरा हाये."

मुली हसल्या, पण अंजू हसली नाही. ती पाचवा बोर्ड जोडत होती. तोही मुका निघाला.

हा बोर्ड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मोबाइलवरचं गाणं बिनतारी ऐकवणारा, तळहातावर मावेल एवढा स्पीकर तुम्ही पाहिला असेल. त्याचा डबा कोणीही बनवेल. त्याचा जीव असतो तो आतल्या हिरव्या पट्टीत. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा काढलेल्या असतात आणि त्या वाटांवर मुंगीएवढे भाग बसवलेले असतात. ही पट्टी म्हणजे बोर्ड. आजवर हे बोर्ड चीनहून तयार यायचे. दिग्रसला ते डब्यात बसवायचे, स्क्रू आवळायचे, झालं काम. ज्या पुण्याच्या कंपनीचं नाव स्पीकरवर छापलं जाई, तिने आता बोर्डसुद्धा देशातच बनवून घ्यायचं ठरवलं होतं. गफ्फारशेठने ते काम हट्टाने मागून घेतलं, कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये नवी मशिनं बसवली, आणि दिग्रसमध्ये जन्मलेले हे पहिले बोर्ड तयार झाले. दुपारी कंपनीच्या तपासनीस कहकशां मॅडम नागपूरहून यायच्या होत्या. बोर्ड पास झाले तर काम दिग्रसला. नापास झाले तर पुन्हा चीनची खोकी.

गफ्फारशेठ आला तेव्हा टेबलावरचा सगळा ट्रे तपासून झाला होता. काही बोर्ड ठणठणीत होते, काही खरखरत होते आणि निम्म्याहून जास्त मुके होते. कमरेच्या चाव्यांचा जुडगा मुठीत धरून शेठ ट्रेवर वाकला.

"तयार मालाच्या खोलीले रात्री कुलूप होतं?"

"होतं," इंजिनीयर जीवन म्हणाला. "सकाळीही जसंच्या तसं होतं."

"अन् चावी कोणापाशी होती?"

चावी सगळ्यांना दिसत होती. लाल दोऱ्यात ओवलेली ती अंजूच्या गळ्यात होती.

२

गफ्फारशेठच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीलगत चीनची रिकामी खोकी, कपाटावर त्याच्या वडिलांनी दुरुस्त केलेले जुने रेडिओ, टेबलावर नारळ आणि सुकत चाललेला झेंडूचा हार, खुर्चीच्या पाठीवर लाल शाल. आदल्या संध्याकाळी गावच्या व्यापाऱ्यांनी शेठचा सत्कार केला होता. चीनचं काम गावात आणणारा माणूस, असं भाषणात म्हटलं होतं.

"अंजू काल चार लोकांत मले काय म्हणली, माहीत हाये बाई? सत्कार तुमचा अन् काम आमचं."

"खोटं म्हणाली का?"

"खोटं नाई. पण टोचलं ना." गफ्फार खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. "तिच्या मनात राग होता. चावी तिच्याजवळ. मंग दुसरं कोण? मी हरिसिंगले फोन लावला."

हरिसिंग म्हणजे अंजूचा बाप, तांड्याचा नायक. त्याने शब्द टाकला म्हणून तांड्यावरच्या लोकांनी आपल्या पोरी फॅक्टरीत पाठवल्या होत्या.

"काय सांगितलंस त्यांना?" विमलताईंनी विचारलं.

"का तुमच्या अंजूनं माल बिघडवला, येऊन घेऊन जा."

विमलताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. शाळेत कोणी पाटीवर चुकीचं उत्तर लिहिलं की त्या अशाच पाहत, आणि त्या पाहण्याला मुलं छडीपेक्षा जास्त भीत.

"गफ्फार, तू गणितात एक खोड करायचास. आठवते?"

"कोणती?"

"उत्तर आधी लिहायचं आणि मग त्याला जुळेल अशी रीत शोधायची." त्या उठल्या. "तपासनीस बाई येईपर्यंत मला वेळ दे. कोणाला काही बोलू नकोस, पोलिसांना बोलावू नकोस. आणि बिघडलेल्या ट्रेला कोणी हात लावायचा नाही."

"वेळ घ्या ना. पण बाई, मॅडम आल्यावर मी त्यायले दाखवू काय? मले तर नवे बोर्ड..."

त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. काचेतून समोरची शेड दिसत होती. मुलींनी अंगातले निळे कोट काढून खुंटीला लावले होते आणि अंजूच्या मागोमाग एकेक करून त्या फाटकाकडे निघाल्या होत्या. मशिनं चालू होती, पण मशिनांपुढे एकही माणूस उरलं नव्हतं.

३

अंजू फाटकाबाहेर बाभळीखाली बसून बोरं खात होती. मुली थोड्या दूर उभ्या होत्या. विमलताई तिच्याशेजारी मातीतच बसल्या. अंजूने ओढणीच्या ओच्यातली बोरं पुढे केली.

"घ्या. आंबट हाये, पण बरी हाये."

"रागावलीस?"

"नाई. हसू येऊन राह्यलं मले. ज्या बोर्डापायी डोळे फोडले, ते मीच मारीन कायले?" तिने बी थुंकली. "मले शेठले खरंच डुबवायचं असतं बाई, तर टेबलावरचा एकच ट्रे कायले बिघडवला असता? कपाटाची चावी बी माह्यापाशीच होती."

विमलताईंचा बोराकडे गेलेला हात थांबला. "कपाटात काय आहे?"

"बाकीचे बोर्ड. चंदेरी पिशव्याइत बंद करून ठेवले. मॅडमले दाखवायले म्हणून एक ट्रे फक्त वर उघडा ठेवलता."

"ते कपाटातले सकाळी तपासले?"

"तपासणार कधी? त्याच्या आधीच शेठनं फोन लावला."

विमलताईंना मनातून हुरूप आला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने बरोबर प्रश्न विचारला की त्यांना असंच व्हायचं. ज्याला नुकसान करायचं आहे तो माणूस नीट नुकसान करतो. इथे तर काही बोर्ड मेले होते, काही अर्धमेले, काही धडधाकट. ठरवून केलेलं काम असं वेडंवाकडं नसतं.

"वडील काय म्हणाले?"

अंजूने ओच्यातली बोरं उगाच इकडची तिकडे केली.

"काहीच नाई. शेठचं ऐकलं अन् फोन ठेवून देला. तेच तर, बाई. बा चिडले असते, शिव्या देल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काम मले दुसरं भेटते. पण बानं घराघरात जाऊन सांगतलं होतं का, माही छोरी तिथं हाये, तुमच्या पोरी बिनधास्त पाठवा. आता कोणत्या तोंडानं फिरतील ते तांड्यात?"

विमलताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. अंजूच्या ओढणीच्या काठाला तिने स्वतः केलेलं भरतकाम होतं. पिवळेधमक टाके, मध्ये छोटे आरसे.

"इथेच बस. जाऊ नकोस."

त्या आत वळल्या तर जीवन दारातच उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. चिमट्यात त्याने काहीतरी धरलं होतं.

"बाई, ट्रे भिंगाखाली पाहत होतो. हे अडकलेलं सापडलं."

चिमट्यात एक बारीक, पिवळा, चमकणारा धागा होता. दोघांची नजर एकाच वेळी बाहेर बाभळीखाली गेली. अंजूची ओढणी उन्हात चमकत होती.

४

"हे शेठना दाखवलंस?"

"नाही. आधी तुम्हाला." जीवन बाभुळगावचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. तो घाईने बोलायचा आणि मग आपणच बोललेलं तपासायचा. "मला अंजूवर शंका घ्यायची नाही, बाई. पण धागा काही मी तिथे टाकला नाही."

"आधी बोर्डांचं सांग. तुझ्या मते ते कशाने मेले?"

"ओरखडा नाही, जळल्याची खूण नाही, काही तुटलेलं नाही. असं एकाच गोष्टीने होतं. स्टॅटिक."

स्टॅटिक म्हणजे घासून साठलेली वीज. डोक्यावर कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडी मारून चिकटतात, ती ही वीज. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी ठाक पडते. तेव्हा स्वेटर काढताना केस उभे राहतात, दाराच्या कडीला हात लावला तर 'चट्' होतं. आपण हात झटकतो आणि विसरून जातो. पण त्या मुंगीएवढ्या चिपच्या अंगावर ती चट् म्हणजे आभाळातून कोसळलेली वीज. म्हणून बोर्डाला हात लावणारा प्रत्येक जण मनगटावर एक पट्टा बांधतो. पट्ट्याची तार जमिनीत जाते आणि अंगावरची वीज मुकाट्याने मातीत उतरते.

"पण तसं होऊच शकत नाही," जीवन म्हणाला. "प्रत्येकाचा पट्टा रोज सकाळी मी स्वतः तपासतो. त्या खोलीत जाणारं एकही माणूस पट्ट्याशिवाय नसतं. म्हणून मी ती शक्यता सोडून दिली."

"काल त्या खोलीत शेवटचं कोण होतं?"

जीवन अडखळला. "मी. अंजूने कुलूप लावायच्या आधी थोडा वेळ. पट्टा बांधलेला होता."

"एकटा काय करत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "फोटो काढला. आईला पाठवायला. तिला वाटतं मी इथे नुसते स्क्रू आवळतो."

"दाखव."

फोटो छान आला होता. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये बोर्डांच्या नीट रांगा. खाली आईचं उत्तर होतं, छान आहे, जेवलास का. विमलताईंनी फोटो बोटांनी मोठा केला. ट्रेचा कोपरान् कोपरा पाहिला. धागा कुठेच नव्हता.

"म्हणजे धागा त्यानंतर आला. चल, आता कोणाचा ते बघू. काडेपेटी आण."

काडेपेटी मिळेना. जिनिंगच्या शेडमध्ये काडी न्यायची नाही, ही कापसाच्या दिवसांतली सवय गावाने अजून सोडली नव्हती. शेवटी दोघं चहाच्या खोपटात गेले. विमलताईंनी अंजूकडून ओढणीचा एक पिवळा दोरा मागून आणला होता. तो त्यांनी चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत नेला. दोरा भुरकन पेटला, कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राखाडी राख उरली.

"सुती," जीवन म्हणाला. कापसाच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही.

"आता ट्रेमधला. सगळा जाळू नको, तुकडाच घे."

तुकडा ज्योतीजवळ गेला मात्र, पेटायच्या आधीच आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. प्लॅस्टिक जळल्याचा उग्र वास नाकात शिरला. जीवनने चिमटा खाली ठेवला आणि तो पहिल्यांदा हसला.

"अंजूचा नाही."

"नाही. आणि हा नुसता धागाही नाही, जीवन." विमलताईंचे डोळे चमकत होते. "घासल्यावर सगळ्यात जास्त वीज साठते ती कशात? सुती कापडात?"

जीवनच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश मावळलं. "नाही. असल्याच कापडात. बाई, म्हणजे धागा ज्या कपड्याचा, त्याच कपड्याने बोर्ड मारले."

५

आता शोधायचं होतं ते कापड. तसं कापड अंगावर घेऊन फिरणारा एक माणूस फाटकावरच होता.

आसिम रात्रीची राखण करायचा. ड्यूटी संपली तरी गोंधळामुळे तो घरी गेला नव्हता. खांद्यावर जाडजूड, गुबगुबीत ब्लँकेट होतं. बाईंना पाहून त्याने ते घाईने काढलं तशी चटचट झाली आणि त्याचे केस साळिंदरासारखे उभे राहिले.

"बसा बाई. चहा घ्या." त्याने स्टीलचा पेला पुढे केला. विमलताईंचं बोट पेल्याला लागलं आणि दोघांचेही हात एकदम मागे गेले.

"काय थंडी हाये," आसिम हात झटकत म्हणाला. "परवा मी माह्या बायकोले हात लावला तर ती म्हणते, तुमच्यात करंट आला वाटते. लग्नाले इतके वर्षं झाले, आता आला."

"हे पांघरून तू आत गेला होतास?"

"नाव काढू नका. पट्ट्याबिगर त्या खोलीजवळ फिरकलो तर अंजू माही चामडी लोळवीन. शिकवलंच तसं हाये तिनं सगळ्याइले."

विमलताईंनी ब्लँकेट उलटसुलट करून पाहिलं. निळं, तपकिरी, एका कोपऱ्यात फाटलेलं. पिवळा चमकणारा धागा कुठेही नव्हता.

"रात्री कोण आलं होतं?"

"कोणीच नाई. कुत्रं बी नाई आलं."

"आणि सकाळी?"

"सकाळी पयले अंजू आली. मंग पोरी. मंग जीवनभाऊ."

"नीट आठव. अंजूच्या आधी?"

"तिच्या आधी कोणी नाई, बाई. तुमची शप्पथ."

"शप्पथ नको. काल अंजूने कुलूप लावलं तिथपासून आज तिने ते उघडलं तिथपर्यंत हे फाटक तू कोणासाठी उघडलंस, एवढंच सांग. कोणासाठीही."

आसिमने डोकं खाजवलं.

"उघडलं तर होतं. पण बाई, ते काही कोणी येणं नाई ना. ते तर..."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. नागपूरची गाडी फाटकाशी उभी होती. आसिम फाटक उघडायला धावता धावता वळला आणि त्याने हळूच एक नाव सांगितलं. विमलताईंनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, थोडं वाईट मात्र वाटलं.

६

कहकशां मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या होत्या. गफ्फारशेठ त्यांना केबिनकडे नेऊ लागला तेव्हा विमलताई आडव्या आल्या.

"मॅडम, एक ट्रे बिघडला आहे. तो लपवायचा नाही. का बिघडला ते आधी दाखवते, मग बाकीचं तुम्ही ठरवा."

"बाई, आत्ताच कशाले," शेठ पुटपुटला.

"दाखवा," कहकशां मॅडम म्हणाल्या.

शेडच्या मधल्या टेबलाभोवती माणसं जमली. फाटकावरच्या मुली दारापर्यंत आल्या, पण उंबऱ्याच्या आत एकीनेही पाऊल टाकलं नाही. सर्वांत मागे अंजू.

"काल संध्याकाळी बोर्ड गात होते," विमलताईंनी सुरुवात केली. आवाज वर्गातला होता, सावकाश आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "सकाळी मुके झाले. कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे आत गेला तो चावी असलेला माणूस. मॅडम, रागाने कोणी बोर्ड मारायला गेलं असतं तर त्याने सगळे मारले असते, कपाटातलेही. इथे काही मेले, काही वाचले. म्हणजे मारणाऱ्याला आपण मारतोय हेच माहीत नव्हतं. आणि जीवन सांगतो, या खोलीत प्रत्येक माणूस पट्टा बांधून जातो. त्याचं खरं आहे. त्याच्या तपासणीत जेवढी माणसं येतात, ती सगळी बांधतात. मी सकाळपासून त्यांनाच विचारत फिरले." त्या जीवनकडे वळल्या. "जीवन, केबिनमधली शाल आण."

शाल आली. लाल, गुळगुळीत, काठाला सोनेरी पट्टी. सत्काराला देतात तशी. सोनेरी पट्टीतून दोन-चार धागे लोंबत होते. जीवनने चिमट्यातल्या धाग्याचा उरलेला तुकडा त्यांच्याशेजारी धरला. रंग, चमक, जाडी, सगळं तेच.

विमलताईंनी ट्रेमधला एक धडधाकट बोर्ड निवडून जोडायला लावला. गाणं सुरू झालं. स्वच्छ, खणखणीत गाणं शेडभर घुमलं, आणि दारातल्या मुली नकळत एक पाऊल पुढे आल्या. विमलताईंनी शाल झटकली, आपल्या बाहीवर घासली आणि तिच्या काठाने धूळ पुसावी तसा बोर्ड पुसला.

गाणं चालूच राहिलं. गफ्फारशेठने सुटकेचा श्वास सोडला.

विमलताईंनी पुन्हा शाल घासली आणि पुन्हा पुसलं. 'चट्.' एवढासा आवाज. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं आणि शेड गपगार झाली.

जीवनने तारा पुन्हा जोडून पाहिल्या. बोर्ड मुका झाला होता.

गफ्फारशेठ टेबलाला टेकला. मग त्याने कोणी न विचारताच सांगायला सुरुवात केली.

"सत्कार झाल्यावर मी सरळ घरी नाई गेलो, बाई. हिचं बोलणं डोक्यात घुमत होतं. सत्कार तुमचा, काम आमचं. म्हणलं बरोबरच हाये तिचं. ही शाल माही नाई. म्हणून इथं आलो, माह्या जुडग्यातल्या चावीनं खोली उघडली अन् बोर्डाइले पांघरली. लेकराले पांघरतो ना, तशी. रातभर त्यायच्या अंगावर होती." त्याने शालीची सोनेरी पट्टी बोटांत धरली. "सकाळी नमाज पढून येता येता काढून नेली. पोरी पाहतील, हसतील, म्हणतील शेठ येडा झाला. काढताना धूळ दिसली तर शालीच्याच काठानं पुसली. एकेक."

"एकेक," जीवनने कपाळाला हात लावला.

"तू पट्टा का नाही बांधलास?" विमलताईंनी विचारलं.

"मले कोण म्हणणार, बाई? नियम मीच लावला. लावणाऱ्याले कोण विचारते?"

आसिम मागून अपराधी आवाजात म्हणाला, "अन् बाईनं इचारलं कोण आलं, तर मले शेठ आठवलेच नाई. शेठ म्हणजे फॅक्टरीच ना."

कहकशां मॅडमनी मुका बोर्ड हातात घेऊन उलटा करून पाहिला. "कपाटातले आणा."

चंदेरी पिशव्या उघडल्या. मॅडमनी स्वतः पट्टा बांधला आणि एकामागून एक बोर्ड जोडत गेल्या. पहिला गायला. दुसरा गायला. पुढचाही गायला, त्याच्या पुढचाही. जीवन प्रत्येक वेळी ओठ मिटून उभा राही आणि गाणं लागलं की खांदे सैल सोडी. सगळे बोर्ड गायले.

"बोर्ड चांगले आहेत," मॅडम म्हणाल्या. "आता मला ते बनताना पाहायचे आहेत. लाइन सुरू करा."

गफ्फारशेठने दाराकडे पाहिलं. मुली उंबऱ्याबाहेर होत्या. त्या अंजूकडे पाहत होत्या आणि अंजू जमिनीकडे.

७

शेठ तिच्याजवळ गेला. "अंजू, चुकलं माहं. चाल, आत चाल."

"मले नका सांगू, शेठ. मले माहीतच होतं का मी नाई केलं." ती शांतपणे म्हणाली. "सकाळी बाले फोन केलता ना. त्यायलेच सांगा."

"संध्याकाळी निवांत लावतो."

"सकाळी निवांत होते का तुम्ही?"

एक मुलगी खुदकन हसली. शेठने खिशातून मोबाइल काढला.

"थांबा," कहकशां मॅडम म्हणाल्या. "या स्पीकरवरून फोनवर बोलताही येतं. त्याची तपासणी माझी राहिलीच आहे. जीवन, एक बोर्ड डब्यात बसवा. शेठ इथून बोलतील. पलीकडे स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे."

जीवनने भराभर स्क्रू आवळले. स्पीकर टेबलावर मधोमध ठेवला. घंटी वाजत होती तेवढा वेळ अंजू ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग स्पीकरमधून एक जाड, थकलेला आवाज आला, समोर बसून बोलावं इतका स्पष्ट.

"बोला शेठ. मी निघूनच राह्यलो. घेऊन जातो पोरीले."

"निघू नका, हरिसिंगभाऊ. सकाळी मी तुमाले सांगतलं का अंजूनं माल बिघडवला. ते चूक हाये. तिनं काही नाई केलं. मीच बिघडवला. माह्या हातानं."

पलीकडे दूर कुठेतरी शेळी ओरडली, तेवढीच ऐकू आली.

"हरिसिंगभाऊ? ऐकू येऊन राह्यलं ना?"

"येते. पण जरा थांबा." पलीकडे पावलं वाजली, कोणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. दार वाजलं, लोकांची कुजबुज जवळ आली. "हं. आता सांगा. मोठ्यानं सांगा, शेठ. इथं सारे जमून राह्यले."

गफ्फारशेठने एकदा विमलताईंकडे पाहिलं. तो स्पीकरजवळ वाकला आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या अंजूनं काही नाई केलं. चूक माही होती. माल मी बिघडवला. पोरीवर मी खोटा आळ घेतला."

या वेळी उत्तर यायला वेळ लागला नाही.

"आलं ऐकू," हरिसिंगचा आवाज म्हणाला. थकवा कुठल्या कुठे गेला होता. "सगळ्या तांड्याले आलं. छोरी हाये का तिथं?"

"हाये, बा."

"काम टाकून फोनवर काय करून राह्यली? जाय, कामाले लाग."

कहकशां मॅडमनी पेन उघडलं. "माइक पास," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून लाइनच्या सुरुवातीला जाऊन बसल्या.

अंजूने नाक पुसलं, खुंटीवरचा निळा कोट काढून अंगात घातला आणि मागे वळून मुलींना म्हणाली, "काहून उभ्या हा? चला."